आमच्या गल्लीचा सांबार

भाजी निवडताना हात कामात असतात अन् तोंड रिकामं. म्हणून चिखलीच्या आमच्या गल्लीत बाजाराच्या दिवशी सांबारापेक्षा किस्सेच जास्त निघतात! सांबार म्हणजे आमची कोथिंबीर, कोणी इडली शोधू नये. आम्ही चौघी. शाळेत शिकवणाऱ्या शोभाकाकू, सुलतानपूरची मंगला, पुण्याहून सून होऊन आलेली वैशाली अन् मी. आणि सांगते, या बाजाराचा सांबार पुढच्या बाजारापर्यंत ताजा ठेवण्यात आमचा हात धरणारं तालुक्यात कोणी नाही!

*

वैशाली नवी होती तेव्हाची गोष्ट. तिला स्वच्छतेची भारी हौस. जुडी खळखळून धुतली अन् तशीच ओली डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवली. पुढे डबा उघडला तर आत काळा चिखल! रडवेली होऊन काकूंकडे आली.

"काकू, मी तर इतकी स्वच्छ धुतली होती!"

काकूंनी डब्यात डोकावून पाहिलं. "पोरी, अंघोळ घातली ते बरं केलं. पण मंग अंग काऊन नाही पुसलं?"

आता वैशाली न धुता, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवते. अन् माहेरी गेली की आईचाही क्लास घेते!

*

माझी पद्धत वेगळी. देठं बुडतील एवढं पाणी ग्लासात घ्यायचं, जुडी उभी करायची, वरून पिशवीची टोपी घालायची अन् फ्रीजच्या दारात ठेवायची. एकदा आमचे हे भर उन्हात ऑफिसातून आले. जुडी काढून बाजूला ठेवली अन् ग्लास घटाघट रिकामा!

"अवं, आज पाण्याले मस्त वास येऊन राह्यला. काय टाकलं?"

"अहो, ते सांबाराचं पाणी होतं!"

"मंग त्याले दुसरं दे!"

*

काकूंनी एकदा मधल्या सुट्टीत जुडी घेतली अन् अशीच ग्लासात स्टाफरूमच्या टेबलावर ठेवली. तेवढ्यात बुलढाण्याहून मोठे साहेब अचानक तपासणीला आले. स्वागताला एक फूल नाही! हेडसरांनी घाईघाईत टेबलावरचं हिरवं उचललं अन् थेट साहेबांच्या हातात दिलं.

सगळा स्टाफ गार!

साहेबांनी शांतपणे वास घेतला. म्हणाले, "गुच्छ पुष्कळ घेतले, सर. पण घरी बायको खूश होईल असा हा पहिलाच!"

*

मंगला पुदिना मिरचीसोबत वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. एकदा तिचे नंदोई आले. मदतीला गेलेल्या वैशालीनं ते हिरवे खडे नुसत्या पुदिन्याचे समजून लिंबू सरबतात टाकले! पहिल्याच घोटाला पाहुण्यांचे कान लाल.

"कसं झालं?" मंगलानं विचारलं.

"एक नंबर! पण वहिनी, याच्यासंगं भजे नाहीत का?"

*

मंगलाच्या पोरीचं लग्न मे महिन्यात, त्यांच्या गावी सुलतानपूरला. आदल्या दिवशी आणलेला सांबार मांडवातल्या गरमीनं पार गवत झाला. सकाळीच मंगलाचा फोन.

"काकू, वऱ्हाडी लय चोखंदळ हायेत. अन् वांग्याच्या भाजीवर टाकाले एक पान नाही. माझं नाक कटते आज!"

काकू घरोघर फिरल्या. गल्लीतल्या एकूण एक फ्रीजमधला डबा बाहेर! आइस्क्रीमवाल्याकडून बर्फाचा खोका मागून आणला, त्यात डबे रचले अन् आम्ही तिघी जीपनं निघालो. प्रत्येक खड्ड्याला काकू खोका छातीशी धरायच्या.

मांडवात आचाऱ्यानं झाकण उघडलं अन् नुसता घमघमाट! "बाई, हा तर आत्ता वावरातून खुडला!"

पंगतीत व्याही बोटं चाटत मोठ्यानं म्हणाले, "विहीणबाई, मे महिन्यात एवढा हिरवागार सांबार! तुमच्या विहिरीले लय पाणी दिसते!"

मंगलानं पदर खोचला. घामानं निथळत उभ्या असलेल्या आम्हा तिघींकडे बोट केलं.

"विहीर तर होळीलेच आटली, व्याहीबुवा. आमचं पाणी ते तिकडं उभं हाय!"