बारदान्याच्या बारा गाठी

बारा गाठींची ती केस आजही आठवते. आधी हसू येतं, मग मान खाली जाते.

धान खरेदीचा हंगाम होता. केंद्रांवर धान उघड्यावर पडलेलं आणि भरायला बारदाना, म्हणजे रिकामी पोती नाहीत. लाखनीजवळच्या गोदामात नोंदवहीप्रमाणे बारदान्याच्या वीस गाठी, म्हणजे बांधलेले गठ्ठे, हव्या होत्या, निघाल्या आठ. माझ्या पोलीस ठाण्यात तक्रार आली. खबऱ्याने सांगितलं, गोदामपालानेच मेटाडोरमधून गाठी हलवल्या.

गुन्हा दाखल झाला तर त्याची नोकरी जाणार होती. स्टेशन डायरीत 'चौकशीकामी' लिहून मी त्याला दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवला. आवाज चढवला, चोर म्हणालो. त्याचं एकच उत्तर, "चोरल्या नाही साहेब. शब्द देला आहे, नाव नाही सांगत."

दुसऱ्या दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. "काहून बसवून ठेवलं यायले? केंद्रवाल्यायले बलवा. सोताचा माल कोनी खरा सांगत नाही. बाजूवाल्याचा इचारा."

चारही केंद्रप्रमुख बोलावले. तुमच्याकडे किती? सगळे म्हणाले, "निरंक." मग एकाला शेजारच्या केंद्राचं विचारलं.

"तीन! ताडपत्रीखाली झाकून हायेत."

शेजारचा उसळला, "मोठा आला खरं बोलनारा! तुह्या भुशाच्या खोलीत चार गाठी काय अंडे देऊन राहिल्या?"

दहा मिनिटांत बारा गाठींचा हिशेब जुळला. हमाल सगळीकडे तेच, त्यामुळे दुसऱ्याचा साठा प्रत्येकाला पाठ! पुढे कमी पडू नये म्हणून प्रत्येकाने गाठी आधीच नेल्या होत्या. 'नोंद करू नका, नाहीतर बाजूचाही मागेल' अशी गळ घातली होती आणि हा भिडस्त माणूस हो म्हणत गेला होता.

त्याच संध्याकाळी पोती भरू लागली. गोदामपालाला लेखी ताकीद मिळाली, पण नोकरी वाचली. बातमीत युक्ती माझी म्हणून छापून आली. मी ते दुरुस्त केलं नाही. त्याच आठवड्यात वरून ठाण्यातल्या टॉर्चचा साठा विचारला होता. कपाटात सहा असताना मीही 'निरंक' कळवलं होतं. सांगितला नाही तो माल नसल्यासारखाच, आणि त्यापायी भलताच माणूस बाकावर बसतो, हे मला फार उशिरा कळलं.

निवृत्तीनंतर त्या नवराबायकोच्या घरी जाऊन माफी मागितली. तो हसला, "जाऊ द्या साहेब, दोन दिवस तुमचाच चहा पेलो."

बायको म्हणाली, "माफी राहू द्या. नोंद करा."

करतो. युक्ती तिची होती. तो चोर नव्हता. टॉर्च सहा होते.