मामाच्या साडीचा पिवळा

“भाऊ, साडी पांढरी का दिसते आहे?”

केळकर वहिनींच्या हातात मोबाइल होता आणि त्यावर मीच पाठवलेले नमुन्याचे फोटो. त्यांची मुलगी मुग्धा बोहल्यावर, अंगावर अष्टपुत्री. म्हणजे लग्न लागताना नवरी नेसते ती मामाने दिलेली पिवळी साडी. लांबून घेतलेल्या फोटोंत ती पिवळी होती. जवळून घेतलेल्या प्रत्येक फोटोत सायीसारखी पांढरट. बोहल्यावर पांढरी साडी म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

वहिनी कंपू भागातून रिक्षाने माझ्या फोटो स्टुडिओत आल्या होत्या. मुग्धा लग्नानंतर लगेच जर्मनीला गेली. घरात आता त्या एकट्याच. बसा म्हटलं, तर उभ्या राहूनच सांगायला लागल्या. मुग्धा शाळेत असतानाच त्यांच्या भावाने महेश्वरहून ही साडी आणून ठेवली होती. तो आजारी होता, लग्नापर्यंत आपण असू असं त्याला वाटत नव्हतं. आणि तो राहिला नाहीच.

“ह्या लग्नात दादाचं एवढंच तर होतं,” त्या म्हणाल्या.

दोन दिवसांत दुरुस्त करून देतो म्हणालो आणि त्या गेल्यावर डोक्याला हात लावून बसलो.

नया बाजारातल्या या स्टुडिओत आधी आम्ही दोघं होतो. मी फोटो काढायचे, माझ्या बायकोने, सुलभाने, कॉम्प्युटरवर ते सुधारायचे. वर्ष झालं, ती पुण्याला मुलीकडे आहे, नातू सांभाळायला. थोडे दिवस म्हणून गेली होती. तिची खुर्ची तशीच आहे. मी तिच्यावर कॅमेऱ्याची बॅगसुद्धा ठेवत नाही. दिवसभरात गिऱ्हाईक आलं नाही तर संध्याकाळी स्वतःचा आवाज ऐकून दचकायला होतं.

घोटाळा असा होता. मी नवा कॅमेरा घेतला आणि रॉमध्ये फोटो काढायला लागलो. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने वाढून दिलेलं ताट. रॉ म्हणजे कोरडा शिधा, शिजवायचा आपण. आमचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर जुनं, ते नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडेना. ते बदलायचं माझ्या मनात नव्हतं, कारण त्यात सुलभाने बनवलेली अॅक्शन होती. अॅक्शन म्हणजे एक बटण दाबलं की ठरलेल्या सगळ्या पायऱ्या आपोआप होतात. रंगाला जरा ऊब, चेहऱ्याला उजेड, कडा धारदार, साइज. म्हणून मी मध्ये एक कन्व्हर्टर बसवला. त्याने रॉ शिजवायची, मग फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची आणि सुलभाचं बटण दाबायचं.

कन्व्हर्टरमध्ये व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता. म्हणजे फोटोत पांढरं काय हे तो स्वतःच ठरवत होता, प्रत्येक फोटोचं वेगळं. जवळच्या फोटोत सगळीकडे साडीच. एवढा पिवळेपणा म्हणजे दिव्याचाच दोष, असं समजून त्याने तो पुसून टाकला. त्या बिचाऱ्याला अष्टपुत्री काय माहीत.

मी ऑटो काढलं. अंतरपाटाचा फोटो उघडला, त्या पांढऱ्या कापडावर क्लिक करून ‘हे पांढरं’ असं कन्व्हर्टरला सांगितलं आणि तेच माप सगळ्या फोटोंना लावलं. साडी पिवळी झाली. मग नेहमीचं बटण दाबलं. छान झळझळीत पिवळी झाली. मी खूश होऊन वहिनींना फोटो पाठवले.

लगेच फोन आला. “भाऊ, ही साडी तर काल बाड्यावरच्या दुकानातून आणलेली वाटते. दादाची बिलकुल नाहीये ही.”

मी पुण्याला फोन लावला. मागे बाळ रडत होतं. सुलभाला सगळं सांगितलं. तिने लगेच विचारलं, “रंगाची पायरी अजून चालू आहे का?”

“तू बनवलेली आहे, चालू असणारच.”

“अहो, ती जुन्या कॅमेऱ्यासाठी होती. त्याचे फोटो निळसर यायचे म्हणून. आता रंग आधीच नीट होतोय, तर काढून टाका ना ती.” बाळाने आवाज चढवला. “ठेवते,” म्हणाली आणि ठेवलाही.

कन्व्हर्टर आणि सुलभाचं बटण, एकाच भाजीत दोघंही मीठ घालत होती, एवढीच गोष्ट. मी ती पायरी काढली. तिचं इथलं काम चौकटीतली एक टिक काढताच बंद झालं आणि मला वाईट वाटलं. का, ते तिला सांगितलं असतं तर हसली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींना साडी घेऊन बोलावलं. स्क्रीनसमोर माझ्या खुर्चीशिवाय बसायला जागा एकच होती. मी त्यांना सुलभाच्या खुर्चीवर बसवलं. खिडकीच्या उजेडात, स्क्रीनशेजारी साडी उलगडली. पिवळा मऊ पडला होता. कपाटात वर्षानुवर्षं राहून घड्यांवर फिकट रेघा उठल्या होत्या. माझ्या झळझळीत फोटोत त्या रेघा दिसेनाशा झाल्या होत्या. आता अंतरपाटाचा पांढरा ठेवून, रंगाच्या पायरीशिवाय केलेला फोटो उघडला. रेघा दिसल्या.

वहिनींनी पदर हातात धरला, स्क्रीनकडे पाहिलं, परत पदराकडे.

“हीच,” त्या म्हणाल्या.

मग आम्ही एकेक फोटो साडीशी ताडून पाहत गेलो. त्या मध्येच भावाच्या गोष्टी सांगत. मी जिथे थांबायचं तिथे थांबत होतो. चहा झाला, परत चहा झाला. खरं तर माप एकदा बसल्यावर एकेक फोटो पाहायची गरजच नव्हती. शेवटचा झाला तेव्हा त्यांनी साडीची घडी घातली, मांडीवर ठेवली आणि तशाच बसून राहिल्या.

“अजून एखादा राहिलाय का हो भाऊ?”

एकही राहिला नव्हता. मी मघाशीच ताडून पाहिलेला एक फोटो परत उघडला आणि म्हणालो, “हा राहिलाय. साडी परत उलगडता का जरा?”

अल्बम छापून गेला. तेव्हापासून नवी फाइल आली की मी आधी ऑटो काढतो. आणि काम संपलं, हे सांगायची घाई करत नाही.