साडेचार स्टारचा जावई

ऑफिसात फाइली साचल्या तर त्या कधी ना कधी रद्दीत तरी जातात. किस्से कुठे घालवायचे? साकीनाक्याच्या आमच्या ऑफिसात पाण्याचे पंप विकले जातात, पण खरा माल दुपारी एक वाजता डब्यांबरोबर उघडतो. त्यातला ॲपवरच्या टॅक्सींचा साठा तर इतका वाढलाय की आता मीच सांगून टाकते. नाहीतर दीप्ती सांगेल, आणि तिला शेवट आधी सांगायची खोड आहे!

टेबलावर आम्ही चौघं. मी सुजाता, अकाउंट्स, राहणार भांडुप. दीप्ती ऑर्डरींचं बघते, मुलुंडहून येते. सावंत साहेब सेल्सचे हेड, बोरीवलीचे, अख्ख्या जगाला शिस्त लावायचा ठेका घेतलेले. आणि निलेश परब, सर्व्हिस इंजिनीअर. मुलगा गुणी, फक्त कायम घाईत.

एका दुपारी दीप्ती फोन बघता बघता ओरडली, "अगं, आपण ड्रायव्हरला स्टार देतो ना, तसे तेपण आपल्याला देतात!"

चौघांचे घास तोंडाशी थांबले. सगळ्यांनी आपापला आकडा शोधला. माझा चार पूर्णांक सात, दीप्तीचा चार सहा. सावंत साहेबांनी फोन टेबलाच्या मध्ये ठेवला, तीर्थाची वाटी ठेवावी तसा. चार पूर्णांक ९१!

"साहेब, टिप देता वाटतं भरपूर?" मी विचारलं.

"एक पैसा नाही! संस्कार लागतात, मॅडम."

निलेशने फोन खिशात घातला होता. दीप्तीने तो काढून घेतला. चार पूर्णांक तीन.

त्या दिवसापासून नियमच झाला. दर सोमवारी डबे उघडायच्या आधी आकडे वाचायचे, आणि ज्याचा सगळ्यात कमी तो चहा पाजणार. आमच्या चहावाल्याने पैसे कोण देणार ते विचारायचंही सोडून दिलं.

* * *

निलेशचे स्टार कुठे गळत होते, ते आम्हाला दिसत होतं. आमच्या गल्लीत गाडी मागवली की नकाशावरची खूण हमखास पलीकडच्या वेल्डिंगच्या गाळ्यावर पडते. आम्ही तिघं चालत तिथे जाऊन उभे राहतो. निलेश मात्र वर बसून फोनवर, "हां भैया, बस, उतरतोच आहे!"

एकदा तो हे वाक्य बोलला तेव्हा त्याच्या हातात पोळी होती. खाली गेला तेव्हा ड्रायव्हर गाडीच्या बाहेर उभा. अंगावर वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या म्हणे. निलेश बसला, धाडकन दार लावलं.

ड्रायव्हर म्हणाला, "हळू हो साहेब, दार उघडून परत लावावं लागतं. एकदाच वापरून फेकायचं नसतं."

* * *

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण निलेशचं लग्न ठरत होतं!

मुलगी मानसी, अंधेरीला बँकेत. दोघं भेटले, पुन्हा भेटले, दोघांनी होकार दिला. निलेश तर पंपाच्या कोटेशनवरही हसत हसत सह्या करायला लागला. राहिले होते मानसीचे वडील, राणे सर. बोरीवलीत राहणारे रिटायर्ड हेडमास्तर. आयुष्यात कुणाला पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत, अशी त्यांची कीर्ती. निबंधाला तर नाहीच, गणितालासुद्धा नाही!

सरांनी निलेशला फोनवर सांगितलं, "बायोडेटा सगळेच चांगले लिहितात हो. माणूस परक्याशी कसा वागतो ते बघायचं. तुमचं ते टॅक्सीचं प्रवासी रेटिंग दाखवायला घेऊन या. साडेचारच्या खाली असेल, तर पुढचं बोलणं नको."

निलेशने ते आम्हाला सांगितलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. पहिल्यांदाच! मला हसू आलं, पण पोराचे डोळे बघून गिळलं.

"ताई, काय करू? मला तीच हवीय गं. वाट लागली ना यार."

"टिप दे," सावंत साहेब म्हणाले. स्वतः एक पैसा न देणारे!

* * *

निलेशने टिपांचा सपाटा लावला. दर प्रवासानंतर घरी जाऊन, हातपाय धुऊन, ॲपमध्ये टिप. घसघशीत. सोमवारी आकडा काढला, तर आणखी खाली घसरलेला!

"हे काय रे? पैसे देऊन मार्क कमी?" सावंत साहेब चक्रावले.

दीप्तीने भेंडी चावत चावत विचारलं, "तू टिप कधी देतोस?"

"घरी पोचल्यावर."

"आणि तो स्टार कधी देतो?"

"तिथेच, मी उतरल्यावर." मग निलेशचा हात डब्यातच राहिला. "म्हणजे माझी टिप पोचते तेव्हा..."

"वरातीमागून घोडं!" दीप्ती म्हणाली.

* * *

मग सावंत साहेबांनी धोरण बदललं. "सेल्सचा नियम आहे, परब. ऑफर आधी सांगायची. गाडीत बसल्या बसल्या जाहीर कर."

दुसऱ्या दिवशी मी निलेशबरोबर घाटकोपरला एका गिऱ्हाइकाकडे चालले होते. बसल्या बसल्या तो गरजला, "भैया, आज टिप मिलेगा हां!"

ड्रायव्हरने आरशातून बघितलंसुद्धा नाही. "सुबह से सब यही बोल के बैठते हैं, साब. उतरते टाइम सबको फोन आ जाता है."

आणि काय सांगू? घाटकोपरला उतरताना निलेशला खरंच फोन आला! पंप बंद पडला होता, गिऱ्हाईक बोंबलत होतं. तो बोलत बोलतच पुढे गेला. ड्रायव्हर माझ्याकडे बघून हात जोडून हसला. मीच पर्स उघडली, पण ते स्टार माझ्या खात्यात थोडेच येणार!

* * *

टिप म्हटलं की मला आईची आठवण येते. तिला भांडुपहून मुलुंडला मावशीकडे न्यायचं होतं. पूर्ण रस्ता ती पुढच्या सीटला धरून बसलेली. "बाळा, जरा हळू. बाळा, तो ट्रक बघ. बाळा, हॉर्न वाजव की. एवढ्या जोरात नको वाजवू!"

उतरताना तिला ड्रायव्हरची दया आली. कमरेच्या पिशवीतून नोट काढली, त्याच्या हातावर ठेवली. "घे बाळा, चहा पी."

त्याने नोट तिला परत दिली. अगदी नमस्कार करून म्हणाला, "मावशी, चहा मी माझ्या पैशांनी पितो. तुम्ही फक्त पुढच्या वेळी माझी गाडी आली तर दुसरी मागवा."

आई दिवसभर मावशीला सांगत होती, किती गुणी पोरगा, पैसे घेतले नाहीत!

* * *

नंतर देऊनही नाही, आधी सांगूनही नाही. निलेशने तिसरा मार्ग काढला. आधी हातात द्यायचे! साकीनाक्याला बसला आणि लगेच मोठी नोट पुढे सरकवली. "ठेवा भाऊ. आधीच ठेवा."

ड्रायव्हरने नोट बघितली. निलेशच्या मांडीवरची फुगलेली बॅग बघितली. पोलीस चौकी आली तशी त्याने गाडी बरोबर तिच्यासमोर थांबवली.

"साहेब, बॅगेत काय आहे?"

"डबा!"

"उघडून दाखवा."

अंधेरीच्या भर रस्त्यात निलेशने डबा उघडून दाखवला. वरचा कप्पा, खालचा कप्पा. हवालदार येऊन वाकून बघून गेला.

"आज गवार वाटतं," हवालदार म्हणाला.

* * *

आता सावंत साहेबांच्या संस्कारांचं सांगते. ऑफिसच्या वर्धापनदिनाला त्यांच्या मिसेस आल्या होत्या. साधी, हसरी बाई. जेवताना मला म्हणाल्या, "अहो, मला हल्ली टॅक्सीच मिळत नाही. येतात म्हणतात आणि कॅन्सल करतात. मी तर सणासुदीलाच काय ती बाहेर पडते."

दीप्तीने त्यांच्या फोनवर रेटिंग काढून बघितलं. तीन पूर्णांक आठ!

"वहिनी, तुमच्या फोनवरून अजून कोणी गाडी मागवतं का?"

"हे मागवतात ना, रोज. म्हणतात, माझा फोन कामाचा आहे, त्यावर नको."

पलीकडच्या टेबलावर साहेब श्रीखंड वाढून घेत होते. दीप्तीने आवाज जरा चढवला. "साहेब, तुमचे संस्कार वहिनींच्या खात्यात जमा झालेत हां!"

पुढच्या सोमवारपासून आकडे वाचायची प्रथा साहेबांनीच बंद केली. ऑफिसच्या वेळेचा अपव्यय होतो म्हणे.

मला मनापासून राग आला होता. टिप न देण्याचा नाही. बिचाऱ्या बाईला गाडी मिळत नाही आणि तिला वाटतंय आपलंच काहीतरी चुकतंय.

* * *

शेवटी निलेशचा ताबा दीप्तीने घेतला. टिप बंद! गाडी येण्याआधी वेल्डिंगच्या गाळ्यावर उभं राहायचं. दार हळू लावायचं. कानातलं काढायचं. चुकीचं वळण घेतलं तर ओरडायचं नाही.

"एवढंच? हे तर फुकट आहे," निलेश म्हणाला.

"म्हणूनच तुझ्याकडून होत नव्हतं रे."

आकडा चढू लागला. निलेश अंघोळ करून आधी फोन बघायचा, मग देव. भेटीचा रविवार आला तेव्हा तो चार पूर्णांक ४७ वर येऊन बसला होता. साडेचारला तीन शतांश कमी!

"ताई, तू चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "आई मालवणीत सुरू झाली की मला भीती वाटते."

* * *

राणे सरांच्या घरी पोहे झाले, चहा झाला. सरांनी चष्मा पुसला आणि हात पुढे केला. निलेशने फोन दिला. सरांनी तो उत्तरपत्रिकेसारखा लांब धरून पाहिला.

"चार सत्तेचाळीस."

"सर, महिनाभरात चढलंय. आधी चार तीन होतं," मी मध्ये पडले.

"प्रगती आहे. पण साडेचार म्हणजे साडेचार. ग्रेस मार्क मी कधी कुणाला दिले नाहीत."

मानसी दारात उभी होती. तिने वडिलांकडे असं बघितलं की मला पोहे जड झाले. निलेशची आई बोलली, "मार्कां कमी पडली म्हणान काय झाला? झील माझो चांगलो आसा."

"तुम्हाला गाडी करून देतो," सर उठत म्हणाले. माणूस शिष्टाचाराचा पक्का.

आम्ही सगळे खाली सोसायटीच्या गेटवर आलो. सरांनी स्वतःच्या फोनवर गाडी मागवली. आली म्हणाले. मग कॅन्सल झाली म्हणाले. दुसरी मागवली. तीही कॅन्सल. पुढच्या ड्रायव्हरने तर नाव बघितल्या बघितल्या नाही म्हटलं.

"नेटवर्क खराब आहे," सर म्हणाले.

"द्या बाबा, मी बघते." मानसीने फोन घेतला, कुठेतरी बोट दाबलं आणि वडिलांच्या डोळ्यांसमोर धरला. तीन पूर्णांक चार!

सरांनी चष्मा पुन्हा पुसला. "हे कोणी तपासलं?"

"सगळ्यांनी, बाबा. ज्यांना ज्यांना तुम्ही मागच्या सीटवरून बोट दाखवून वाहतुकीचे नियम शिकवलेत, त्या सगळ्यांनी."

"फेरतपासणीला अर्ज कुठे करायचा?"

कोणीच हसलं नाही. निलेशने गुपचूप आपल्या फोनवर गाडी मागवली. ती लगेच आली. निलेशने ड्रायव्हरला ओटीपी दिला, आईला आत बसवलं, दार हळूच लावलं. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली आणि सरांकडे बोट दाखवलं.

"ते काका पण येणार काय?"

"नाही, ते इथलेच."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्याने सुटकेचा निःश्वास सोडला.

मानसी तोंडावर ओढणी धरून मागे वळली. तिचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडतेय. ती हसत होती!

सर पुढे आले, गाडीच्या खिडकीशी वाकले आणि निलेशच्या आईला म्हणाले, "वहिनी, जरा उतरा. वर चला. सुपारीचं बोलून घेऊ."

निलेशची आई आतून म्हणाली, "आता? चाय परत करूची लागतली मां."

ड्रायव्हर वैतागला. "ओ साहेब, घाईघाईने बोलावलं, ओटीपी टाकला, आता उतरता? राईड संपवतो इथेच. आणि एकच स्टार देतो, बघा!"

ज्या पोराने महिनाभर एकेका शतांशासाठी जीव काढला होता, तो दोन्ही हात वर करून ओरडला, "एकच दे रे भावा, बिनधास्त दे!" आणि खिशातली नोट त्याच्या हातात कोंबली.

ड्रायव्हरने नोटेकडे बघितलं, निलेशकडे बघितलं. त्याचा अंगठा स्क्रीनवर तसाच थांबला. "साहेब, नक्की किती देऊ?"

मागून राणे सरांचा आवाज आला, "पैकीच्या पैकी दे."