कुठं, कशाला, वापस कधी

गोदावरीसुद्धा गंगाखेडातून पुढे जाते ती आमच्या दाजींना विचारूनच, असं आक्का म्हणायची. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण आणि दाजी तिचे यजमान. बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. कुठं, कशाला, वापस कधी, हे विचारल्याशिवाय त्यांनी एक एसटी फाटकाबाहेर सोडली नाही. रिटायर झाल्यावर हे तीन प्रश्न घरी आले. दळण घेऊन निघालेल्या आक्कालाही ते चुकले नाहीत. उत्तरं देऊन ती मुद्दाम 'जाते' म्हणायची, दाजी लगेच 'जाते न्हाई, येते म्हनावं' म्हणून दटावायचे, मग ती हसत 'येते' म्हणून डबा उचलायची. दीड वर्षापूर्वी तिला दवाखान्यात नेलं तेव्हा तिची वाचा गेली होती. आक्का परत आली नाही. त्या दिवशी 'येते' राहून गेलं, हे दाजी आल्यागेल्याला अजून सांगतात.

घरातला कॉम्प्युटर आक्काचा. पुण्याच्या माझ्या भाचीनं आईला घेऊन दिलेला, त्यावर नावही आईचंच घातलेलं, 'सुमन'. मध्यंतरी पेपरात कॉम्प्युटरवरून होणाऱ्या चोऱ्यांच्या बातम्या वाचून दाजींनी फायरवॉलचा ध्यास घेतला. मी परभणीहून गेलो आणि फुकटात मिळणारी एक बसवून दिली. फुकट म्हटल्यावर त्यांना वेगळाच संशय आला. "मास्तर, बिनपगारी वॉचमन जगतो कशावर?" पण कुठलाही प्रोग्राम इंटरनेटवर निघाला की ही आधी तुमची परवानगी मागते, हे ऐकल्यावर दाजींचा चेहरा असा खुलला की जणू त्यांना पुन्हा नोकरीवरच घेतलंय. पहिली परवानगी त्या फायरवॉलनं स्वतःसाठीच मागितली, काहीतरी नवीन आणायला जायचं होतं तिला. दाजींनी नकार दाबला. पहारेकऱ्यानं जागा सोडायची नसते म्हणाले. घड्याळ नेटवर वेळ विचारायला निघालं, त्यालाही भिंतीवरचं घड्याळ दाखवून बसवलं. दुपारपर्यंत त्या डब्यातून चिटपाखरू बाहेर पडेना.

सव्वाचारला आम्ही चहा घेत होतो. बाहेर रस्त्यावर कुणी नव्हतं, कॉम्प्युटरला कुणाचा हात नव्हता. तरी पडद्यावर चौकट उघडली. 'सुमन'मधून कुणीतरी बाहेर जायचं म्हणत होतं, जाऊ द्यायचं का? दाजी कपबशी खाली ठेवून भिंतीवरचं घड्याळ बघायला लागले. सव्वाचार ही आक्काची घराबाहेर पडायची वेळ. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? काहीच दाबलं नाही, तेव्हा थोड्या वेळानं चौकट आपली आपण मिटली. दुसऱ्या दिवशी सव्वाचारला ती पुन्हा आली.

मी भाचीला फोन लावला. भुताटकी नव्हती. आईनं काढलेले फोटो आपोआप पुण्याला जावेत म्हणून तिनंच एक प्रोग्राम लावून ठेवला होता, आई बाहेर असायची ती वेळ बघून. आता पाठवायला फोटो नव्हते, पण तो रोज रिकाम्या हातानं जाऊन येत होता. दाजींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे ती गेल्यापासून रोज जायली व्हती," ते म्हणाले. "न इचारता. आता कुठं इचारायली."

भुताटकी नाही हे ठरल्यावरही ते वाक्य ऐकून मला पडद्याकडे बघवेना. तिसऱ्या दिवशी चौकट आली तेव्हा घाईघाईनं मी म्हणालो की उत्तर कायम लक्षात ठेवायची खूण करून टाकू, म्हणजे हे पुन्हा विचारणार नाही. दाजींनी माझा हात माऊसवरून बाजूला केला.

"उद्या इचारनार न्हाई?"

"नाही."

त्यांनी खुणेची जागा रिकामी ठेवली आणि नुसतं 'हो' दाबलं, आजच्यापुरतं. मग हळूच पडद्याला म्हणाले, "जाते न्हाई. येते म्हनावं."

अजूनही सव्वाचारला दाजी फोन उचलत नाहीत. परवा गंगाखेडला गेलो होतो. चारची परभणी गाडी मुद्दाम सोडली आणि खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसलो. मलाही आक्काला निघताना बघायचं होतं.