पुठ्ठ्याचे कप्पे

जपानला निशी-कसाईत आमच्या शेजारी एक जपानी आजी राहायच्या. नवरा सकाळी ऑफिसला गेला की दिवसभरात माझ्याशी बोलणाऱ्या त्या एकट्याच. गुरुवार हा तिथे पुठ्ठ्यांचा कचरा टाकायचा वार. मी रिकामी खोकी घेऊन खाली निघाले की आजी दारातच त्यांवरून तळवा फिरवायच्या, बोटाने टकटक करून आवाज ऐकायच्या आणि एखादं पसंत पडलं की म्हणायच्या, "चोत्तो मात्ते." जरा थांब. मग ते खोकं त्यांच्या घरी जायचं आणि पाठोपाठ मीही.

त्यांच्या खिडकीच्या दुधी काचेतून ऊन हळूहळू आत यायचं. त्या उजेडात आजी पुठ्ठा कापायच्या, कडांना जुन्या कापडाची पट्टी चिकटवायच्या आणि स्वतःशीच पुटपुटायच्या. मी शेजारी बसून भरतकाम करायची. त्यांचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही, पण दुपार कधी सरली तेही कळायचं नाही.

आमचं पुण्याला परतायचं ठरलं तेव्हा त्यांनी मला एक पुठ्ठ्याची पेटी दिली. रिळं, सुया, कात्री, सगळ्यांना वेगळे कप्पे.

"वापरून बघ," त्या म्हणाल्या.

मी पेटी समोर ठेवली आणि थबकले. कात्रीचा कप्पा डावीकडे होता.

मी डावखुरी. लहानपणी त्या हातावर छड्या खाल्ल्यामुळे चारचौघांत मी उजव्या हातानेच टाके घालायची. आजींकडे डावा हात आपोआप कधी पुढे आला, माझं मलाच कळलं नव्हतं.

आजींनी सुई ओवली आणि माझ्या डाव्या हातात दिली.