घुंगुरमाळांचा रकाना

दुष्काळाच्या त्या साली नगरच्या एका वस्तुसंग्रहालयात मी कोणत्या वर्षी कोणत्या वस्तू आल्या याचा तक्ता करत होतो. आधी तलवारी, नाणी यायची; आता खेड्यांतून बैलांच्या घुंगुरमाळाच येत होत्या. लोकांना इतिहासाची गोडी लागली, असं मी साहेबांना फुशारकीनं सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात वडील नेवाशाहून आले. पिशवीतून त्यांनी आमच्याच घुंगुरमाळा काढल्या.

"चाऱ्यावाचून दोन्ही बैलं गेली," ते म्हणाले. मेलेल्या बैलाची माळ आमच्याकडे दुसऱ्याच्या गळ्यात घालत नाहीत.

"हितंच ठेव. घरात असली की तुजी आई सारखी वाजवून बगती."

मी कपाटाकडे पाहिलं. ते माळांनी भरलं होतं. गोडी कसली डोंबलाची! तेवढे गोठे रिकामे झाले होते.