पाडव्याची टोपली

“आधी ती पँट काढ. मग टोपली उचल.”

भाऊसाहेब झोपाळ्यावर बसून बोलले. आवाजसुद्धा चढवला नाही. दिवाळीतल्या पाडव्याची सकाळ होती. पनवेलातल्या त्यांच्या अंगणात ताजी रांगोळी होती, आणि त्यांच्या मिठागरात राबणाऱ्या चौदा घरांचे चौदा पुरुष टोपल्या घेऊन रांगेत उभे होते. सगळे उघडे, अनवाणी, कमरेला रुमाल. पँट घातलेला मी एकटा.

ही रीत माझ्या आज्याच्याही आधीची. पावसाळाभर गवताखाली झाकलेल्या राशीतलं टोपलीभर मीठ पाडव्याला डोक्यावरून मालकाच्या अंगणात न्यायचं. मालक नारळ देणार. नारळ मिळाला की मिठाचे वाफे आणखी एक वर्ष त्या घराचे. ज्या घराची टोपली आली नाही, त्याचे वाफे दुसऱ्याला. कागद नाही, सही नाही. नारळ हीच सही.

दर वर्षी टोपली बाबा न्यायचे. त्या वर्षी नवरात्रात बांध लिंपताना त्यांच्या पायात कालवाचं शिंपलं घुसलं. खाऱ्या पाण्यातली जखम ती, बरी होते कुठली? पाय सुजून मांडीएवढा झाला. मी तेव्हा मुंबईत एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. विषय रसायनशास्त्र. आमच्या ओवे गावात तोवर मॅट्रिकसुद्धा दोनच झाले होते. आईनं मास्तरांकडून पोस्टकार्ड लिहून पाठवलं. वाचलं आणि मला कळलं की एक टर्म तरी घरी राहावं लागणार. वाफे एका माणसाच्यानं होत नाहीत. तळ तुडवायला, बांध राखायला, मीठ ओढायला जोडी लागते. आई एकटी काय करणार होती!

मी आमच्या विभागप्रमुखांकडे गेलो. एका टर्मची रजा द्या म्हटलं. ते प्रयोगशाळेत होते, भोवती आमचा अख्खा वर्ग. त्यांनी अर्ज वाचला.

“रजा कशाला? मीठ पिकवायला?” त्यांनी कपाटाकडे बोट केलं. “अरे, सोडियम क्लोराइड हवंय ना? ती बाटली घेऊन जा की.”

सगळे हसले. मीही हसलो.

ते हसणं मला आजही माफ करता येत नाही. त्यांचं नव्हे, माझं.

मग ते म्हणाले, रजेच्या फॉर्मवर कारणं तीनच आहेत. आजार, लग्न, मृत्यू. मिठागर त्यात बसत नाही. तरी तुमच्या गावच्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाचं पत्र आण, मग बघू. पत्र मिळालं तर जागा राहील. नाहीतर नाव कमी होईल.

आमच्याकडे प्रतिष्ठित म्हणजे कोण? ज्यांचं मिठागर ते. म्हणून पाडव्याला मी दोन कामं एकदम करायला निघालो होतो. बाबांची टोपली द्यायची आणि भाऊसाहेबांकडून पत्र घ्यायचं. पत्र मागायला जायचं म्हणून धुतलेली पँट घातली. एम.एस्सी.चा विद्यार्थी दिसायला नको का? आईनं टोकलंही होतं. “बाला, टोपलीला पँट चालत नाय.” मी हसण्यावारी नेलं. आता जग बदललंय म्हटलं, स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं झाली. शहाणपणा आमचाच आम्हाला भोवला.

“टोपली तुझ्या बापाच्या घरची आहे ना?” भाऊसाहेब म्हणाले. “मग बापासारखी आण.”

मी रांगेकडे बघितलं. कोणी वर बघेना. त्यांची चूक नव्हती, त्यांनाही नारळ न्यायचा होता. शेवटी शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या पांडूकाकानं खांद्यावरचा कोरडा रुमाल माझ्या हातात कोंबला. “ने पोरा. नेस. तोंडाला लागू नको.”

विहिरीमागे गेलो. पँट काढली. घडी घालून विहिरीच्या कठड्यावर ठेवली. रुमाल मला धड नेसताही येईना. ओसरीवर घरातल्या सुना आणि मुलं फराळाची ताटं घेऊन उभी होती. त्यातली एक मुलगी माझ्या वयाची, कॉलेजात जाणारी. तिनं मान फिरवली. बघितलं असतं तरी चाललं असतं, असं तेव्हा वाटलं. मान फिरवण्यानं मी जास्त उघडा पडलो.

टोपली डोक्यावर घेतली. ओल्या मिठाचं पाणी कानामागून मानेवर, मानेवरून पाठीवर उतरत होतं. अंगण वीस पावलांचं. मी चाललो. टोपली उतरवली. वाकलो. हो, वाकलो. पत्र हवं होतं ना! अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी तर हरीही नव्हतो.

नारळ मिळाला. मग हात जोडून पत्राचं सांगितलं. भाऊसाहेब खूश दिसले. “लिहितो की. खाल्ल्या मिठाला जागणारा दिसतोस.”

कोणी कोणाचं मीठ खाल्लं होतं? पिकवत आम्ही होतो, खात ते होते. पण हे मला घरी गेल्यावर सुचलं. तिथं नुसता उभा होतो, त्या रुमालात, ते आत बसून पत्र लिहीत होते तोवर.

त्यांनी पाकीट दिलं. “कॉलेजात साहेबांच्याच हातात दे. वाटेत उघडू नको.”

सुट्टी संपली आणि मी मुंबईला निघालो. पनवेलच्या एसटी थांब्यावर बसलो होतो. पाकिटाचा डिंक नीट लागला नव्हता, कड सुटली होती. वाचलं. सुंदर इंग्रजी होतं. चारच ओळी. हा मुलगा आमच्या मिठागरातल्या कामकरी कुटुंबातला आहे. यापुढे तो घरचाच धंदा पाहील. परत येण्याचा संभव नाही. तरी त्याची जागा एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला द्यावी.

खाली झोकदार सही.

मी पुन्हा वाचलं. मला वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे, काहीतरी चुकीचं समजतोय. तिसऱ्यांदा वाचलं. माझं इंग्रजी पक्कं होतं. मी ज्यासाठी वाकलो ते हे होतं. त्यांना राबणारी जोडी हवी होती. मिठागरातल्या घरातून एकजण शिकून पुढे गेला की उद्या चौदा घरं प्रश्न विचारतील, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

एसटी आली. मी चढलो नाही. थांब्यावरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो, त्याच्याकडे बघत बसलो. सांगायला लाज वाटते, पण घटकाभर मनात आलं की हेच पत्र देऊन टाकावं. निदान भांडण नको. बाबांचे वाफे राहतील. गरिबाला असलेच विचार आधी येतात.

मग ओव्याला परत चालत गेलो. शाळेच्या वहीचं पान फाडलं. बाबांच्या नावानं स्वतः लिहिलं, मराठीत. माझ्या मुलाला मिठागराच्या कामासाठी एक टर्म घरी राहावं लागत आहे. तो परत येणार आहे. त्याची जागा राखावी. बाबा खाटेवर होते. त्यांना वाचून दाखवलं.

“माजा आंगठा चालल काय रं तितं?” त्यांनी विचारलं.

“चालला पाहिजे,” मी म्हणालो. चालेल असं म्हणायची हिंमत झाली नाही.

त्यांनी अंगठा उमटवला. खाऱ्या पाण्यानं बोटं झिजली होती. रेषा उठल्याच नाहीत, नुसता काळा डाग.

विभागप्रमुखांनी तो कागद दोन बोटांत धरला. “मी प्रतिष्ठित गृहस्थाचं पत्र सांगितलं होतं.”

“हे त्याचंच आहे, सर.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कागद पेपरवेटखाली सरकवला. हो म्हणाले नाहीत, नाही असंही म्हणाले नाहीत. “ठीक आहे, जा.” मग गेलो. आणखी काय करणार होतो?

तो सगळा हंगाम मी वाफ्यांत काढला. आधी तळ तुडवायचा. रोज, सकाळपासून, पायांनी, चिखल दगडासारखा होईपर्यंत. मी शिकायला गेल्यापासून माझे तळवे मऊ झाले होते. पहिल्याच आठवड्यात फाटले, भेगांत खारं पाणी शिरायचं. आई पुढे, मी मागे. ती माझ्याकडे वळून बघत नसे. तिला रडू आलेलं दाखवायचं नव्हतं. पुस्तकं घेऊन आलो होतो. उघडायचो. अक्षरं दिसायची, पुढे काही व्हायचं नाही. गावचं टपाल मास्तरांकडे यायचं, कॉलेजातून पत्र येईल म्हणून रोज त्यांच्या घरी विचारायला जायचो. ते लांबूनच मान हलवायचे. पांढऱ्या राशी उभ्या राहिल्या, माझी टर्म संपली, परीक्षा होऊन गेल्या, पत्र आलं नाही.

जूनमध्ये मुंबईला गेलो. खिडकीतल्या कारकुनानं रजिस्टर उलटलं. “रजा मंजूर झालेली नाही. नाव कमी केलंय. शिकायचं असेल तर पुन्हा पहिल्या वर्षाचा फॉर्म भर.”

“अर्ज दिला होता. बरोबर पत्रही होतं.”

“इथं नाही.”

काळा डाग कुठल्या केराच्या टोपलीत गेला, देव जाणे.

फॉर्म भरला. मधल्या काळात काय करत होतात, असा रकाना होता. मागचा एकजण म्हणाला, आजारी होतो असं लिही, सगळे लिहितात. मी लिहिलं, मिठागरात होतो. फॉर्म सहीला नेला, तेव्हा विभागप्रमुखांनी तो रकाना मोठ्यानं वाचला. या वेळीही हसू झालं. मी हसलो नाही. त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनीच नजर फॉर्मवर नेली आणि सही केली.

दिवाळीला घरी आलो. बाबांचा पाय बरा झाला होता, पण लंगडत होते. आईनं टोपली भरून दारात ठेवली. मी म्हटलं, टोपली जाणार नाही.

“वाफं गेलं तं खावाचा काय?” आईनं विचारलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग बाबा खाटेवरून उठले. लंगडत आले, टोपली उचलली आणि मीठ परत राशीवर ओतलं.

मी पँट घातली, चपला घातल्या. रिकाम्या हातांनी त्या अंगणात जाऊन रांगेत उभा राहिलो. न सांगता वाफे गेले, असं मला नको होतं. पांडूकाका माझ्यापासून दोन हात सरकला. माझी पाळी आली.

“टोपली?” भाऊसाहेबांनी विचारलं. नारळ त्यांच्या हातात होता.

“आणली नाही,” मी म्हणालो. “आमच्या घरातून यापुढे कोणी आणणार नाही.”